माळढोक अभयारण्याची सीमारेषा : एक चिकित्सा

संकटग्रस्त प्रजातीच्या अधिवासाचे संरक्षण कोठवर न्यावे, ही चर्चा आपल्याकडे बहुधा क्षेत्रफळाच्या आकड्यांतच अडकते. माळढोक अभयारण्य हे याचे ठळक उदाहरण होय. १९७९ मध्ये सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील ८,४९६ चौ.कि.मी. क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यात शेते, गावे, बाजारपेठा सारेच आले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि शेतकऱ्याच्या मनात पक्ष्याविषयीच अढी बसली. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौ.कि.मी.वर आणले गेले. ही घट न्याय्यच होती.

तथापि घटीचे समर्थक आणि विरोधक दोघांचाही मापदंड सदोष आहे. माळढोकाची मादी उघड्या माळावर बहुधा एकच अंडे घालते. चरण्यासाठी लगतची जिरायती शिवारेही या पक्ष्याला लागतात. पाटाचे पाणी येऊन तेथे ऊस उभा राहिला, की कागदावरील रेषा तशीच राहते. पक्ष्याचा माळ मात्र उरत नाही.

याचे दुसरे टोक बारामती तालुक्यात दिसते. चिंकाऱ्यासाठीचे मयूरेश्वर अभयारण्य अवघे ५.१४ चौ.कि.मी. आहे. बारामती-इंदापूरच्या माळावरील लांडगा तर मेंढपाळांच्या वाटांनीच फिरतो. त्याला कोणती हद्द आखून देणार? तेथे संरक्षणाची व्याप्ती चौरस किलोमीटरने ठरत नाही. मेंढी गमावलेल्या धनगराला भरपाई किती दिवसांत मिळते आणि गवताळ माळाला ‘पडीक’ म्हणणे केव्हा थांबते, यांवर ती ठरते.