शोभेचा नव्हे, राखणीचा

जुन्या लाकडी कोरीवकामावर लिहिणारे पुष्कळदा एक यादी देऊन मोकळे होतात : हत्ती म्हणजे वैभव, मोर म्हणजे सौंदर्य, मकर म्हणजे पाणी. मला ही यादी अपुरी वाटते. चिन्ह कुठे कोरलंय, त्यावर त्याचा अर्थ ठरतो. जागा सुटली की अर्थही सुटतो.

मकरच घ्या ना. सोंड हत्तीची, जबडा मगरीचा, शेपूट माशाचं. तो वरुणाचं वाहन, आणि आपल्या नवव्या तीर्थंकरांचं, सुविधिनाथांचं, लांछनही तोच. प्रतिमेच्या बैठकीवर असतो तेव्हा तो मूर्ती कोणाची ते सांगतो. तोच हवेलीच्या तुळईखाली आला की त्याचं काम बदलतं. लाकडी घराला सगळ्यात मोठी भीती आगीची. तिथे पाण्यातला प्राणी कोरणं ही नुसती हौस नसावी. चीनमध्ये तर हे उघडच मानतात : छपराच्या आढ्याचं टोक जबड्यात धरलेला ‘चिवेन’ आगीपासून घर राखतो. तिथल्या कोरीवकामात वटवाघूळही शुभ, कारण त्याच्या नावाचा उच्चार ‘फू’, म्हणजे भाग्य, या शब्दासारखाच. आपल्या दारावर वटवाघूळ कोण कोरेल? एकच कोश सगळ्या घरांना लावता येत नाही, तो असा.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये पाटणच्या जैन देरासरातला सोळाव्या शतकाच्या अखेरचा सागवानी मंडप आहे. १९१६ साली डी फॉरेस्ट बंधूंनी तो भेट दिला. पाटण तेव्हा आपल्या बडोदे संस्थानातच होतं. घुमटात आठ दिशांचे दिक्पाल आहेत, वाजवणारे-नाचणारे स्वर्गीय गण आहेत. लाकूड जपलं गेलं, हे मान्यच. पण ज्या दिशा राखायच्या, त्याच मागे राहिल्या. आता बघणारा म्हणतो, “काय कारागिरी!” आणि पुढे जातो.

दूर कशाला जायचं? आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटला की संगमरवर, आणि जुनं घर पाडलं की कोरीव खांब सुटे विकायचे. त्या वेळी घरातल्या बायकांना विचारतं कोण? नाही विचारलं तरी बोला, मैत्रिणींनो. विकणं टळत नसेल, तर निदान काढण्याआधी फोटो घ्या आणि कोणता खांब कोणत्या दाराशी होता, मकराचं तोंड कुठे होतं, ते लिहून ठेवा. तेवढं राहिलं, तर पुढच्या मुलींना तो राखणदार होता हे तरी कळेल.