गर्दीला डोके असते : स्टीफन रायकर यांच्या संशोधनाचे मूल्यमापन

सभागृहाच्या दारांची रुंदी कशी ठरवायची हे अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवताना आम्ही माणसांना पाण्यासारखे धरतो. इतक्या मिनिटांत इतकी माणसे बाहेर पडणार, म्हणून दार इतके मीटर. पाण्याला मत नसते, ही मोठी सोय. ब्रिटिश सामाजिक मानसशास्त्रज्ञ स्टीफन रायकर यांनी चाळीसेक वर्षे नेमक्या याच सोयीवर बोट ठेवले आहे. दंगल, कट्टरता आणि साथरोग हे त्यांचे विषय एकमेकांपासून दूरचे वाटतात, पण तिन्ही ठिकाणी त्यांचा प्रश्न एकच असतो : माणूस 'आपण' म्हणतो तेव्हा त्यात कोण कोण येते?

जमावात शिरलेला माणूस बुद्धी गमावतो, हे गुस्ताव्ह ल बॉन यांनी १८९५ मध्ये मांडलेले मत आजही बातम्यांत सहज भेटते. २ एप्रिल १९८० रोजी ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात पोलिसांनी एका कॅफेवर छापा घातला आणि दंगल उसळली. रायकर तेव्हा त्याच शहरात संशोधक विद्यार्थी होते. दगड कशावर पडले याबरोबरच कशावर पडले नाहीत, हेही त्यांनी तपासले. पोलीस आणि बँकेसारख्या बाहेरच्या संस्था लक्ष्य झाल्या; वस्तीतली घरे आणि स्थानिकांची दुकाने बहुतांशी वाचली. पोलीस त्या भागातून बाहेर पडल्यावर जमाव त्यांच्या मागे गेला नाही. १९८४ च्या निबंधात त्यांनी निष्कर्ष काढला की जमावात माणूस स्वतःला हरवत नाही, तो वैयक्तिक ओळखीकडून सामूहिक ओळखीकडे सरकतो, आणि त्या ओळखीच्या मर्यादा जमावालाही पडतात. माझ्या मते त्यांचे सर्वांत भक्कम काम हेच. 'जे घडले नाही' त्याला पुरावा मानण्याची ही रीत विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीही उचलण्यासारखी आहे.

अॅलेक्झांडर हॅस्लम यांच्याबरोबर डिसेंबर २००१ मध्ये बीबीसीसाठी केलेल्या कारागृह-प्रयोगाबद्दल मी तितका निःशंक नाही. १९७१ च्या स्टॅनफर्ड प्रयोगातून फिलिप झिंबार्डो यांनी सांगितले होते की पहारेकऱ्याची भूमिकाच माणसाला क्रूर करते. इथे मात्र पहारेकऱ्यांची एकी झालीच नाही. कैद्यांनी त्यांची सत्ता मोडली, मग सर्वांनी मिळून समतेची व्यवस्था उभारली. ती डळमळल्यावर काही जण आधीपेक्षा कठोर राजवट आणायला निघाले. हुकूमशाहीला वाव मिळतो तो गट अपयशी ठरल्यावर, ही मांडणी विचार करायला लावते. पण सहभागी १५ पुरुष, समोर दूरदर्शनचे कॅमेरे, आणि प्रयोग एकदाच झालेला. एवढ्या पायावर किती मजले चढवायचे? २००८ च्या सामूहिक द्वेषावरील निबंधाचे वजन मला अधिक वाटते. आपला गट तेवढा सद्गुणी, ते आपल्याला धोका, म्हणून त्यांना संपवणे हे पुण्यकर्म, अशा पायऱ्यांनी कट्टरता चढत जाते, असे तिथे दाखवले आहे. द्वेष करणारा स्वतःला सज्जनच समजत असतो.

सार्वजनिक आरोग्याकडे ते वळले ते भारतातून, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. प्रयागच्या माघ मेळ्यात भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी कल्पवासींचा अभ्यास केला. कडाक्याची थंडी, गोंगाट, नदीकाठचा तंबू. तरीही मेळ्यानंतर चारशेहून अधिक कल्पवासींनी स्वतःच्या प्रकृतीबद्दल जे सांगितले, ते मेळ्याला न गेलेल्यांच्या तुलनेत सुधारलेले होते. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झाले. मोजमाप लोकांच्या स्वतःच्या सांगण्याचे होते, रक्तदाबाचे नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

कोविड काळात ते ब्रिटिश सरकारच्या वर्तनविषयक सल्लागार गटात होते. मार्च २०२० मध्ये, लोक निर्बंधांना लवकर कंटाळतील अशी भाषा सरकारी बाजूने झाली, तेव्हा शेकडो वर्तनशास्त्रज्ञांनी तिचा पुरावा मागितला. रायकर यांचे म्हणणे होते की लोक घरी थांबत नाहीत ते बहुधा इच्छा नसते म्हणून नव्हे, परवडत नाही म्हणून. त्या वर्षी ब्रिटनमधला वैधानिक आजारभत्ता आठवड्याला ९५.८५ पौंड होता. इथे लोकांना दोष देणारी ल बॉनचीच भाषा नव्या कपड्यांत आली होती, आणि रायकर यांनी ती ओळखली.

माझा आक्षेप दुसरीकडे आहे. त्यांच्याच सहकाऱ्यांसह केलेला २०१६ चा एक प्रयोग घ्या. विद्यार्थ्यांना घामट वासाचा टी-शर्ट हुंगायला दिला. त्यावर आपल्याच विद्यापीठाचे चिन्ह असेल तर किळस कमी वाटली आणि हात स्वच्छ करण्याची घाईही कमी झाली. म्हणजे जो 'आपण' कल्पवासीला बरे वाटायला लावतो, तोच त्याला शेजाऱ्याच्या तांब्यातून निर्धास्त पाणी प्यायला लावतो. हे रायकर यांना ठाऊक आहे, निष्कर्ष त्यांचाच आहे. तरी साथीच्या काळातील त्यांच्या लेखनात एकजुटीच्या गुणांवर जेवढा भर आहे, तेवढा या दुसऱ्या बाजूवर नाही, असे मला वाटते. आणि एखाद्या गर्दीत यांपैकी कोणती बाजू वर येईल, हे त्यांचा सिद्धांत घटना घडून गेल्यावर उत्तम सांगतो. दाराची रुंदी मात्र आधी ठरवावी लागते.