मोबाईल खेळांतला किरण : शोभेचा की कामाचा?

नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात भर दुपारी शिरले की क्षणभर काहीच दिसत नाही. डोळे सरावले की मागच्या भिंतीवर कोरलेला स्तूप हळूहळू उमटतो. ऊन तिथवर पोचलेले नसते. दर्शनी बाजूने आत आलेला उजेड जमिनीवर पडतो, तिथून छताला आणि छताकडून भिंतीला लागतो. प्रत्येक टप्प्यावर तो थोडा मंदावतो आणि दगडाचा थोडा रंग सोबत घेतो. दारात चार माणसे उभी राहिली, तर स्तूप पुन्हा अंधारतो.

हा परतून येणारा उजेड संगणकाला शिकवण्याचा खटाटोप पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे. त्याचे नाव रे-ट्रेसिंग, म्हणजे किरणाचा माग काढणे. माग उलटा काढायचा असतो. पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून, चित्रातल्या प्रत्येक बिंदूतून, एक किरण दृश्यात सोडायचा. तो कशाला लागतो आणि तिथून दिव्यापर्यंतची वाट मोकळी आहे की आड काही आहे, हे तपासायचे. १९६८ मध्ये आर्थर अ‍ॅपेल यांनी सावल्यांसाठी ही रीत मांडली. १९८० मध्ये टर्नर व्हिटेड यांनी आरशावरून परतणारे आणि काचेतून वळणारे किरण तिच्यात आणले. त्यांच्या एका चित्राला तेव्हाच्या संगणकाने तासाहून अधिक वेळ घेतला. १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी भिंतीभिंतींवरून फिरणाऱ्या उजेडाचा सगळा हिशेब एका समीकरणात बसवला.

आज हाच हिशेब खिशातल्या फोनने, खेळ चालू असताना, करावा अशी अपेक्षा आहे. २०१८ मध्ये एनव्हिडियाने घरगुती संगणकाच्या ग्राफिक्स कार्डात त्यासाठी खास यंत्रणा दिली. २०२२ मध्ये सॅमसंगची एक्झिनॉस २२०० ही चिप ती घेऊन फोनमध्ये आली. त्याच वर्षाच्या अखेरीस क्वालकॉम आणि मीडियाटेक यांनी आपल्या महागड्या चिपांत आणि २०२३ मध्ये अ‍ॅपलने आयफोन १५ प्रोमध्ये ती बसवली.

गणित मात्र अवघड आहे. १०८० गुणिले २४०० बिंदूंचा पडदा म्हणजे सुमारे २६ लाख बिंदू. सेकंदाला ६० चित्रे आणि दर बिंदूला एकच किरण धरला, तरी सेकंदाला साडेपंधरा कोटी किरण होतात. आणि एका किरणात भागत नाही. संगणकाचे अव्वल कार्ड यासाठी शेकडो वॅट वीज खाते. फोनला बहुधा पंखाही नसतो. काही वॅटच्या पुढे गेला की तो तापतो आणि स्वतःच आपला वेग कमी करतो. म्हणून फोनवर किरण मोजकेच सोडतात, उरलेले अंदाजाने भरून काढतात आणि बहुधा सावल्या-प्रतिबिंबांवर थांबतात. हा अडसर चिपा सुधारतील तसा कमी होईल. माझी शंका वेगळी आहे : तो दूर झाल्यावर या किरणाला खेळात काम काय?

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. स्वस्त फोनवरच्या खेळांतही रे-ट्रेसिंग आधीपासून पोचलेले आहे, फक्त गोठलेल्या रूपात. स्टुडिओतल्या मोठ्या संगणकावर किरण सोडून कोणत्या भिंतीवर किती उजेड पडेल हे आधीच काढतात आणि त्याचे नकाशे खेळासोबत देतात. धंद्यात याला ‘बेकिंग’ म्हणतात. त्यामुळे दहा-बारा हजारांच्या फोनवरही एखादा कोपरा खऱ्यासारखा मऊ अंधारलेला दिसू शकतो. उणीव इतकीच, की हा उजेड हलत नाही. खेळातले दार उघडा, दिवा फोडा. भिंतीवरचा उजेड जिथल्या तिथे. दारात उभे राहून स्तूप झाकण्याची सोय या लेण्यात नाही. फोनने जागच्या जागी काढलेल्या किरणाचे खरे मोल खेळणाऱ्याच्या हालचालीला असे उत्तर देण्यात आहे.

पण नेमके हेच उत्तर स्पर्धेच्या खेळात अडचणीचे ठरते. पुण्याच्या सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ हा बॅटल रॉयल खेळ आणला. असे खेळ गर्दीवर चालतात आणि गर्दीच्या हातात साधे फोन असतात. समजा, अशा खेळात डबक्यातले प्रतिबिंब खरे झाले आणि कोपऱ्यामागे लपलेला शत्रू त्यात दिसू लागला. मग ज्याचा फोन लाखाचा, त्याला तो आधी दिसणार. सातपूरच्या कामगार वसाहतीतल्या, थोरल्या भावाचा जुना फोन वापरणाऱ्या पोराला तो दिसणारच नाही. हा डाव रडीचा झाला. तो टाळायचा, तर निर्मात्याला प्रतिबिंब दाखवूनही त्यातून काही कळू नये अशी काळजी घ्यावी लागेल. म्हणजे किरण मुद्दाम निकामी ठेवायचा आणि महागड्या फोनला फक्त झिलई द्यायची.

म्हणून रे-ट्रेसिंगचे भवितव्य मला एकट्याने खेळायच्या कथाखेळांत दिसते. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला, पुढे नेटफ्लिक्सच्या मार्फत मोबाईलवरही पोचला. डोंबाऱ्याचे खेळ करणारी राजी हरवलेल्या भावाला शोधत निघते. राजस्थानी वास्तूंची आठवण देणारे महाल त्यात देखणे आहेत. पण त्यातला सर्वांत बोलका उजेड आहे छायाबाहुल्यांच्या प्रसंगांत. कथेचे दुवे तिथे पडद्यावरच्या सावल्या सांगतात. माझी तक्रार एकच : त्या सावल्या आपण नुसत्या पाहतो, त्या आपल्या हातात येत नाहीत.

सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांकडे चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ आहे. बाहुली पडद्याला चिकटली की सावली रेखीव. दिव्याकडे सरकली की सावली मोठी होते आणि तिच्या कडा विरतात. एवढ्या एका हालचालीने सावलीतला राक्षस वाढवता येतो. कडांचे हे विरणे मोबाईल खेळांतल्या नेहमीच्या सावल्यांना नीट साधत नाही. किरणांचा माग काढणाऱ्या यंत्राला ते साधते. ज्या खेळात दिवा राजीच्या हाती असेल, सावली लांबवून तिला वाट काढावी लागेल, तिथे रे-ट्रेसिंग काढून घेतले तर कोडेच उरणार नाही. शिवाय समोर प्रतिस्पर्धी नसल्याने कुणावर अन्याय होत नाही. साध्या फोनवाल्याला असा खेळ उशिरा मिळेल, ही खंत उरतेच.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये झळकल्यावर फाळके नाशकात आले आणि इथल्या उन्हात चित्रपट करू लागले. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने बिनचूक उजेड त्यांना फुकट मिळत होता, आणि तो कुणालाही मिळत होता. प्रेक्षक आले ते त्या उजेडात त्यांनी घडवलेल्या करामतींसाठी आणि कथांसाठी. फोनलाही बिनचूक उजेड आज ना उद्या स्वस्तात मिळेल. तेव्हा तो हाती देण्याजोगे खेळ आपल्या स्टुडिओंकडे तयार असावेत, आणि त्याची जुळवाजुळव आजच्या गोठलेल्या उजेडातही सुरू करता येते.