ड्रायव्हर कुठे ठेवायचा? लिनक्सच्या एआरएम विभागाची झडती
(कोथरूड येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, आज आम्ही एका फोल्डरवर टीका करणार आहोत. हसू नका. लिनक्स कर्नलच्या झाडात 'आर्च' नावाची डिरेक्टरी आहे, तिच्यात 'आर्म', आणि त्याच्यात २०११ साली 'माक-' ने सुरू होणाऱ्या डझनावारी डिरेक्टऱ्या होत्या. प्रत्येक चिप कंपनीची आपली वेगळी चूल.

त्या चुलीत काय शिजायचं, ते बघू. बीगलबोर्ड घ्या. 'माक-ओमॅप२' मध्ये त्याची 'बोर्ड-ओमॅप३बीगल' नावाची सी फाइल होती. कुठल्या आयटूसी बसवर कुठल्या पत्त्यावर कोणती चिप, कुठली जीपीआयओ पिन कशाला जोडलेली, हे सगळं सी भाषेतल्या स्ट्रक्चरांत. म्हणजे हा प्रोग्राम नव्हताच, वायरिंगची यादी होती. फक्त ती कंपाइल करावी लागायची. नवा बोर्ड आला की जुनी फाइल कॉपी करायची, चार आकडे बदलायचे, झालं. आम्हीही हे केलंय. एका ग्राहकाच्या चार बोर्डांसाठी आम्ही चार फाइली केल्या. पहिलीतला पिनचा चुकीचा आकडा चौथीपर्यंत इमानानं पोचला, आणि तो शोधायला आमचा आठवडा गेला.

याहून मोठा दोष वेगळा. पीसीवर पीसीआय आणि यूएसबी बस विचारल्यावर सांगतात, की आमच्यावर अमुक उपकरण आहे. एसओसीच्या पोटातला यूआर्ट काही बोलत नाही. त्याचा पत्ता कोणीतरी सांगावाच लागतो. सांगणं भाग होतं, हे आम्हाला मान्य. पण त्याच भरात क्लॉक सांभाळायचा आणि पिनांची वाटणी करायचा कोडही प्रत्येकानं आपापल्या घरात लिहिला. एकच काम, दहा तऱ्हा. मार्च २०११ मध्ये टॉरवाल्ड्स यावर जाहीरपणे चिडले, आणि ते चिडणं रास्त होतं.

मग दुरुस्ती झाली. पिन कंट्रोलची उपप्रणाली ३.२ मध्ये आली, क्लॉकची सामाईक चौकट ३.४ मध्ये, आणि डिसेंबर २०१२ च्या ३.७ पासून एकच कर्नल वेगवेगळ्या कंपन्यांच्या एआरएम चिपांवर चालू लागला. वायरिंगची यादी सी मधून निघून डिव्हाइस ट्रीच्या मजकूर फाइलीत गेली. बूटलोडर ती कर्नलच्या हाती देतो, ड्रायव्हर 'कंपॅटिबल' हा शब्द जुळवतो आणि कामाला लागतो.

आता पुणेकरांना थोडं मिरवू द्या. ही कल्पना ओपन फर्मवेअरची. १९९४ मध्ये तिचं आयईईई प्रमाण झालं. १९९८ चा सी-डॅकचा परम १०००० सनच्या एंटरप्राइज २५० सर्व्हरांवर उभा होता, आणि सनच्या त्या यंत्रांचं फर्मवेअर सोलारिसला हार्डवेअरचं झाड तयार करून देत असे. म्हणजे एआरएमवाले ज्या गोष्टीसाठी २०११ मध्ये भांडले, ती कोथरूडहून दुचाकीनं अर्ध्या तासावर, विद्यापीठाच्या आवारात, तेरा वर्षं आधी रोजच्या वापरात होती! सनकडे बोर्ड आणि फर्मवेअर दोन्ही एकाच घरचं होतं, हा फरक मात्र विसरू नका. एआरएमच्या जगात चिप एकाची, बोर्ड दुसऱ्याचा, बूटलोडर तिसऱ्याचा. मग यादी कोणी लिहायची?

आमची खरी तक्रार इथे आहे. डिव्हाइस ट्री हे हार्डवेअरचं वर्णन, ते कर्नलवर अवलंबून नसावं, असं वचन होतं. प्रत्यक्षात त्या फाइली कर्नलच्याच झाडात वाढल्या आणि ड्रायव्हरबरोबर बदलत राहिल्या. जुनी ट्री आणि नवा कर्नल यांची जोडी आजही कुठे कुठे मोडते. पसारा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेला, असं म्हणणाऱ्यांना आम्ही पूर्ण चूक म्हणणार नाही. तरी दुसरी खोली बरी आहे. तिथे निदान भिंती सरळ आहेत, आणि आता बाइंडिंग यामलमध्ये लिहून यंत्राकडून तपासून घेता येतात.

'ड्रायव्हर्स' मध्येही एकसूत्रीपणा नाहीच. बहुतेक ठिकाणी वर्गवारी कामानुसार: आयटूसी, जीपीआयओ, क्लॉक. पण 'नेट' खालच्या 'इथरनेट' मध्ये कंपनीनुसार. आम्हाला हे खटकत नाही. कंपनीची कार्डं एकमेकांचा कोड वापरतात, सांभाळणारा माणूसही बहुधा एकच. खटकतं ते 'एसओसी' नावाचं फोल्डर. ज्याला कुठेच जागा नाही ते तिथे. आमच्या स्वयंपाकघरात असा एक ड्रॉवर आहे, त्यात रबरबँड आणि कुरिअरच्या पावत्या असतात.

तुमच्यापैकी बरेच जण हिंजवडीत किंवा बाणेरला बीएसपीचं काम करता. तुमचा ड्रायव्हर बहुधा मुख्य कर्नलमध्ये जातच नाही. चिप कंपनीच्या गोठवलेल्या फांदीवर राहतो. मुख्य कर्नलमधले अंतर्गत इंटरफेस बदलले, की झाडातला ड्रायव्हर बदलणाराच सुधारून देतो. बाहेरच्याला कोणी वाली नाही. म्हणून धडधाकट स्क्रीनचा टॅब्लेट तीन वर्षांत सुरक्षेच्या दुरुस्त्यांविना पडतो आणि पौड रोडवरच्या भंगारवाल्याकडे जातो. २०२३ च्या ६.३ मध्ये बेवारस जुन्या बोर्ड फाइलींचा मोठा गठ्ठा काढून टाकला, तेव्हा कोणी फारसं रडलं नाही. पण त्या निदान झाडात होत्या. काय काढलं ते गिटमध्ये वाचता येतं. तुमची गेल्या वर्षीची फांदी आज कुणाच्या लॅपटॉपवर आहे?

हात वर आलेत, तर आधी मागच्या रांगेतून घेऊ.