जाहीर केलं, म्हणजे झालं? ‘व्हिगर’चा पेपर वाचताना

पीएचडीच्या पहिल्या वर्षात मी कुठलाही पेपर वाचताना हितसंबंधांची ओळ सरळ सोडून द्यायचे. पैसे कुठून आले ते सांगितलंय ना, मग झालं की! ही सवय मोडली ती ‘व्हिगर’ चाचणीच्या पेपरमुळे. संशोधनात येऊ पाहणाऱ्यांनी तो एकदा तरी वाचावा, म्हणून आज त्याबद्दल.

नोव्हेंबर २००० मध्ये तो ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. संधिवाताचे ८,०७६ रुग्ण. साधारण निम्म्यांना मर्क कंपनीचं रोफेकॉक्सिब, म्हणजे ‘व्हायॉक्स’; बाकीच्यांना नेप्रोक्सेन हे जुनं वेदनाशामक. नव्या औषधाने पोटातले अल्सर, रक्तस्राव कमी होतात का, हा प्रश्न. पैसा मर्कचा, दोन लेखक मर्कचे कर्मचारी. हे सगळं पेपरमध्ये छापलेलं आहे.

आता सारांश नीट बघा. पोटाच्या त्रासाची तुलना रोफेकॉक्सिब भागिले नेप्रोक्सेन अशी केलीय: सापेक्ष धोका ०.५. म्हणजे नव्या औषधाने त्रास निम्म्यावर आला. पुढे हार्ट अटॅक येतात: रोफेकॉक्सिब ०.४ टक्के, नेप्रोक्सेन ०.१ टक्का. इथे मात्र भागाकार उलटा! नेप्रोक्सेन भागिले रोफेकॉक्सिब: ०.२. आधीच्याच पद्धतीने मांडलं असतं तर नव्या औषधाचा धोका चौपटीहून जास्त दिसला असता. आकडा खोटा नाही, पण घाईत वाचणाऱ्याला तो बोचतही नाही.

लेखकांचं म्हणणं, नेप्रोक्सेन हृदयाला जपत असावं. शक्य आहे. पण प्लासिबो गटच नव्हता. मग एक औषध जपतंय की दुसरं घात करतंय, हे या चाचणीतून कळणार कसं?

दुसरी गोष्ट तारखांची. हृदयविकाराच्या नोंदी पोटाच्या नोंदींपेक्षा महिनाभर आधी थांबवल्या होत्या. त्यानंतर रोफेकॉक्सिब गटात आणखी तीन हार्ट अटॅक आले, ते पेपरमध्ये नाहीत. किमान दोन लेखकांना ते प्रकाशनाच्या बरंच आधी ठाऊक होते, असं संपादकांनी डिसेंबर २००५ मध्ये जाहीरपणे लिहिलं. तारीख आधीच ठरली होती, हे लेखकांचं उत्तर. मान्य करू, पण एकाच चाचणीत दोन तारखा आहेत, हे वाचकाला सांगायला काय हरकत होती? तोवर २००४ मध्ये, प्लासिबोशी तुलना करणाऱ्या दुसऱ्या चाचणीत धोका दिसल्यावर, औषध बाजारातून काढलं गेलं होतं.

आणि जर्नल तरी अलिप्त होतं का? या पेपरच्या नऊ लाखांहून जास्त छापील प्रती त्याने विकल्या, त्यातल्या बहुतेक मर्कनेच घेतल्या. जर्नलच्या या कमाईची ओळ कुठल्याच पेपरखाली नसते.

माझ्या मते इथेच आपली चूक होते. हितसंबंध जाहीर केले की पेपर शुद्ध झाला, असं आपण धरून चालतो. ती ओळ फक्त एवढंच सांगते, की नीट बघ. काय बघायचं? भागाकार कुठल्या बाजूने केलाय, तुलना कशाशी आहे आणि नोंदी कधी थांबवल्या. पुढचा पेपर उघडाल तेव्हा ती ओळ आधी वाचा, आणि मग हे तीन प्रश्न घेऊन तक्त्यांकडे जा.