बाळंतिणीचा अभ्यास, बाळाचं कॅलेंडर

सिनॉप्सिस लिहिताना माझी एक चूक झाली आणि ती पकडली घरमालकीणकाकूंनी. सदाशिव पेठेत त्यांच्या माडीवर मी राहते. बाळंतपणानंतरच्या आजारांचा पाठपुरावा 'प्रसूतीपासून 28 दिवस' करणार, असं मी लिहिलं होतं. काकू म्हणाल्या, "अगं, बाळंतीण सव्वा महिन्याची असते. तू मध्येच का सोडतेस तिला?" उत्तर नव्हतं. 28 हा आकडा मी एका गाजलेल्या लेखातून तसाच उचलला होता. आज तो लेख वाचू.

राणी बंग आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2004 साली 'बीजेओजी'त आला. गडचिरोलीतली 39 गावं, 1995-96 चं वर्ष, 772 बायका. सातव्या महिन्यापासून नोंद, आणि बाळंतपणात व नंतर गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी घरी जाऊन केलेली निरीक्षणं. याचं मोल आधी समजून घ्या. दवाखान्याच्या नोंदीत जी दवाखान्यापर्यंत पोचली तीच बाई दिसते. घरातच कण्हत पडलेली अंशात नाही आणि छेदातही नाही. इथे छेद गावातला आहे, म्हणून वीस-पंचवीस वर्षांनीही हा लेख वाचावा लागतो.

निष्कर्ष असा: 52.6 टक्के बायकांना काही ना काही त्रास झाला. प्रसूतीच्या वेळी 17.7, नंतर 42.9. बेरीज करून बघा, 60.6 येते. जास्तीचे 8 टक्के म्हणजे दोन्ही वेळा त्रास झालेल्या, साधारण 62 जणी. असले हिशेब वाचता वाचता पेन्सिलनं करत जा, लेख लवकर कळतो.

आता माझी तक्रार. 52.6 हा आकडा भाषणांत छान वाजतो, पण त्या एकाच पोत्यात स्तनांच्या तक्रारी (18.4 टक्के), उशिराचा रक्तस्राव (15.2), जंतुसंसर्ग (10.2) आणि निद्रानाश (7.4) सगळं आहे. निद्रानाश किरकोळ असतो असं मी म्हणत नाही. पण यादी लांबवली की 'किमान एक त्रास' असणाऱ्यांचं प्रमाण वाढणारच. गाडी, रक्त आणि ऑपरेशनची सोय किती जणींसाठी लागेल, हे सांगणारा आकडा वेगळा आहे: 15.3 टक्के बायकांना तातडीच्या प्रसूतिसेवेची गरज पडू शकली असती. माझ्या मते लेखाचा कणा तोच. मृत्यूंबद्दल मात्र या अभ्यासाला काही विचारू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (1992-93) लाख जन्मांमागे 424 मातामृत्यू होते. त्या हिशेबानं 772 बाळंतपणांत तीन-साडेतीन. त्यावर काय उभं करणार?

आणि 28 दिवस? हा अभ्यास नवजात बाळांच्या घरगुती देखभालीच्या मोठ्या प्रयोगाच्या पोटात केलेला होता. त्याच प्रयोगाचा निकाल 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला आणि नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्यामुळे जगभर गाजला. 28 दिवस ही नवजात काळाची व्याख्या आहे. आईचा सूतिकाकाळ पाठ्यपुस्तकात सहा आठवडे, म्हणजे 42 दिवस. काकूंचा सव्वा महिना त्याच्या बराच जवळ. म्हणजे आईची मोजणी बाळाच्या कॅलेंडरवर झाली. परिणाम एकाच दिशेचा: 42.9 हे चार आठवड्यांचं प्रमाण आहे, त्याच बायकांचं सहा आठवड्यांचं प्रमाण यापेक्षा कमी असूच शकत नाही. त्यांना कारण होतं, आयत्या मिळालेल्या भेटींत आईचीही नोंद करून घेतली. माझ्या आराखड्यात बाळांचा प्रयोगच नाही! मी नुसती नक्कल केली.

आता 42 दिवस केलेत. प्रत्येक घरी दोन भेटी वाढल्या, प्रवासखर्च वाढला, नमुना कमी करावा लागेल. गाइड म्हणतात, आधी पटवून द्या.

त्यातच काकूंनी दुसरा प्रश्न टाकलाय. पहिलटकरीण सातव्या महिन्यानंतर माहेरी जाते, मग सासरच्या गावात मी नोंदवलेली बाई सापडणार कुठे? गावात राहणाऱ्यांनाच धरलं तर पहिली बाळंतपणं गळतील, आणि अडलेलं बाळंतपण पहिल्या खेपेलाच जास्त. सध्या सिनॉप्सिसमध्ये माहेरचं गाव आणि फोन नंबर असे दोन रकाने वाढवलेत.