विधिविद्यालयांतील धानाचें पाऊण पान

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही अड्याळास असतांना, शहरांत कायद्याचें शिक्षण घेणारा गांवचा एक तरुण आपल्या टिपणांची वही घेऊन आमच्याकडे आला. विषय होता 'बौद्धिक संपदा व तंत्रज्ञान'. वहींत ग्रंथस्वामित्व होतें, एकस्व होतें, व्यापारचिन्हें होतीं. संगणकाच्या आज्ञावलींवरील हक्कांचा ऊहापोह तर विपुल होता. रोपांच्या वाणांस मात्र पाऊण पान मिळालें होतें! बाहेर दृष्टि पोंचेल तेथवर धान उभें असतां आंत बसून हें पाऊण पान वाचणें आम्हांस चमत्कारिक वाटलें. दोष त्या मुलाचा नव्हे. म्हणून २००१ सालचा 'वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम' आम्हीं मुळांतूनच, एखादा ग्रंथ वाचावा तसा, वाचून काढला.

त्याची जन्मकथा थोडक्यांत अशी. १९९५ सालीं अमलांत आलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या करारानें रोपांच्या वाणांस एकस्वानें किंवा दुसऱ्या एखाद्या परिणामकारक रीतीनें संरक्षण देणें सभासद राष्ट्रांस भाग पडलें. आपण दुसरी रीत पत्करली, आणि वाण काढणाऱ्याच्या हक्कांशेजारीं शेतकऱ्याचे हक्कही बसविले.

एकोणचाळिसावें कलम हें या ग्रंथाचें हृदय होय. शेतकऱ्यानें आपलें बीं राखावें, वापरावें, पेरावें, पुन्हा पेरावें, बदलून घ्यावें, वांटावें, विकावें. संरक्षित वाणाचें बीं 'ब्रँड' लावून मात्र विकूं नये. कायद्याच्या रुक्ष भाषेंत इतकीं जिवंत क्रियापदें एकत्र आलेलीं आम्हीं क्वचितच पाहिलीं आहेत. त्यांतला 'पुन्हा' हा शब्द बियाण्याच्या व्यापाऱ्यास सलतो, हें सांगावयास नकोच. २०१९ सालीं पेप्सिको कंपनीनें गुजरातेंतील बटाटा पिकविणाऱ्या शेतकऱ्यांवर दावे लावले व पुढें मागें घेतले, तेव्हां शेतकऱ्यांच्या बाजूनें आधार घेतला गेला तो याच कलमाचा.

तथापि ग्रंथ ज्याच्यासाठीं लिहिला, त्याच्या हातीं तो पडतो काय? शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील नांदेड या लहानशा गांवचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ च्या सुमारास 'पटेल ३' या धानांत निराळ्या लोंब्या दिसल्या. वर्षानुवर्षें निवड करून त्यांनीं बारीक दाण्याचें नवें वाण सिद्ध केलें. तेव्हां लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून त्यास 'एचएमटी' हें नांव पडलें. (व्यापारचिन्हाचा एक सुंदर प्रश्न येथें दडला आहे, पण वहींत तोही नव्हता.) अकोल्याच्या कृषिविद्यापीठानें १९९८ सालीं 'पीकेव्ही-एचएमटी' प्रसृत केलें. दादाजींचें बीं राज्याबाहेरही पेरलें गेलें. सन्मान मिळाले, पण संपत्ति त्यांच्या घरीं आली नाहीं. ३ जून २०१८ रोजीं ते वारले.

कायदा उशीरां आला, हें एक कारण खरेंच. पण आमचा आक्षेप निराळा आहे. अर्ज, नोंदी, नमुने, दाव्याची मुदत यांच्या वाटेनें जाणारा शेतकरी या कायद्यानें गृहीत धरला आहे. त्याला फी माफ केली आहे. लिहून देणारा कारकून मात्र दिलेला नाहीं. ज्याचा सारा पुरावा शेतांत उभा आहे, त्यास कागदावर आणण्याचें काम कोणाचें? विधिविद्यालयांचें नव्हे तर कोणाचें? उमेदवारीच्या काळांत प्रत्येक विद्यार्थ्यानें एका वाणाचा अर्ज तयार करावा, अशी आमची सूचना आहे.

ती ऐकून तो तरुण हंसला. मग त्याच्या वडिलांनीं विचारलें, "भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला २०२३ सालीं भौगोलिक निर्देशन मिळालें म्हणतात, मग आमच्या चिन्नोराच्या पोत्यावर तें चिन्ह लावतां येईल काय?" अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागेल, असें मुलानें सांगितलें. "मग कर," वडील म्हणाले. आणि त्यानें वहीचें कोरें पान उघडलें.